रामा कामत: एका शिक्क्याने बुडवलेला शेठ

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

सोलापुरातून बोलतोय. हेडफोन लावून बसमध्ये असाल, नाहीतर रात्री गादीवर पडून ऐकत असाल, जिथं असाल तिथं मोबाइलवर मॅप उघडा आणि टाइप करा: बाणगंगा, मुंबई. मलबार हिलच्या टोकाला, उंच उंच बिल्डिंगच्या मधोमध एक जुना तलाव दिसेल. पायऱ्या पायऱ्यांचा. त्याच्या काठावर वाळकेश्वराचं देऊळ आहे.

या जागेचा इतिहास शिलाहारांच्या काळापर्यंत मागं जातो. पोर्तुगीजांच्या काळात जुनं देऊळ पाडलं गेलं. मग १७१५ च्या सुमारास एका व्यापाऱ्याने पैसे घालून ते पुन्हा उभं केलं. त्याचं नाव रामा कामत. मुंबईतल्या इंग्रजांच्या अगदी जवळचा, त्या बेटावरच्या सगळ्यात श्रीमंत देशी लोकांपैकी एक.

आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, १७२० मध्ये, हाच रामा कामत त्याच इंग्रजांच्या तुरुंगात होता. देशद्रोहाचा आरोप. जन्मठेप. सगळी मालमत्ता जप्त.

पाच वर्षांत असं काय झालं? आजचा भाग त्यावर.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजी कागदांत त्याचं नाव 'रामा कामाटी', 'रामा कोमाटी' असं काहीही लिहिलेलं सापडतं. मराठी पुस्तकांत कधी कधी 'रामा कामाठी' छापलेलं असतं. आपल्या सोलापुरात तेलुगू बोलणारी हजारो घरं आहेत, त्यामुळे कोमाटी किंवा कामाठी म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच वेगळं काहीतरी येतं. पण हा माणूस गौड सारस्वत. म्हणजे सरळ आपल्या ओळखीचं आडनाव: कामत. मी आज तेच वापरणार.

इंग्रजांना शेठ कशाला लागायचा?

१६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. भाडं किती? वर्षाला दहा पौंड. ऐकायला भारी डील वाटते, पण कंपनीच्या हातात आलं काय? खाजण, ताडाची झाडं, मासेमारी, थोडी भातशेती, आणि ताप. तिथं येणारे इंग्रज पटापट मरायचे. बेट लहान, धान्य आणि लाकूडफाटा बाहेरून आणायचा, आणि समोरच्या किनाऱ्यावर कधी मराठे, कधी सिद्दी, तर वसई-साष्टीला पोर्तुगीज.

आता विचार करा, तुम्ही विशीतला इंग्रज पोरगा आहात. कंपनीत 'रायटर' म्हणून लागलात. रायटर म्हणजे कारकून. पगार वर्षाला पाच पौंडांच्या आसपास. त्यात काय भागणार? पण कंपनीने एक सवलत ठेवली होती. युरोपशी होणारा व्यापार फक्त कंपनीचा, मात्र आशियातल्या बंदरांमध्ये नोकरांनी स्वतःचा खासगी धंदा केला तर कंपनी बहुतेक वेळा चालवून घ्यायची. गव्हर्नरपासून रायटरपर्यंत सगळे यात होते. खरी कमाई पगारात नव्हती, ती या साइड बिझनेसमध्ये होती.

पण धंदा करायचा तर भांडवल लागतं. भाषा लागते. कुठला विणकर आगाऊ रक्कम घेऊन माल देतो, कुठला बुडवतो, हे माहीत लागतं. कुठल्या बंदरावरच्या कुठल्या अधिकाऱ्याला काय दिलं की जहाज सुटतं, हे कळावं लागतं. इंग्रज पोराकडे यातलं काहीच नव्हतं. ते सगळं शेठकडे होतं.

सुरतेत हेच आधी झालं होतं. तिथं भीमजी पारेख हा कंपनीचा दलाल होता, इतका वजनदार की १६७० च्या दशकात त्याने कंपनीच्या मदतीने इंग्लंडहून छापखाना आणि छपाई जाणणारा माणूस मागवला होता. मुंबईत कंपनीचं बस्तान बसायला लागलं तशी इथंही अशा माणसांची गरज पडली. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने तर धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं सांगून व्यापाऱ्यांना मुंबईत यायचं आवतण दिलं.

या शेठ लोकांना काय मिळायचं? खरेदी-विक्रीवर दलाली. साहेबाला दिलेल्या कर्जावर व्याज. तंबाखूसारख्या वस्तूंवरचा कर कंपनी मक्त्याने द्यायची, तसे मक्ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वट. 'हा गव्हर्नरच्या बैठकीतला माणूस आहे' एवढं बाजारात माहीत असलं की निम्मी कामं आपोआप व्हायची.

रामा कामत या वाटेने वर आला. सतराव्या शतकाच्या शेवटापासून तो कंपनीच्या कामात होता, आणि १७१५ पर्यंत देऊळ बांधून देण्याएवढा मोठा झाला होता.

चर्चच्या दारात उभा असलेला हिंदू शेठ

चर्चगेट स्टेशन सगळ्यांना माहीत असेल. पण ते चर्च कुठलं? ते आहे सेंट थॉमस, फोर्टमध्ये, हॉर्निमन सर्कलजवळ. मुंबईच्या जुन्या तटबंदीचा जो दरवाजा या चर्चकडे जायचा तो चर्च गेट. चर्चचं काम ऑन्जियरच्या काळात सुरू झालं आणि मग चाळीसेक वर्षं तसंच पडून राहिलं. शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गणी गोळा करून ते पुरं केलं. १७१८ च्या नाताळच्या दिवशी उद्घाटन झालं.

कॉबने त्या दिवसाचं वर्णन लिहून ठेवलंय आणि त्यात आपला रामा कामत आहे! आपल्या जातभाईंना घेऊन तो आला होता. प्रार्थना चालू असताना ही सगळी मंडळी बाहेर उभी राहिली. पूर्ण वेळ. पाद्रीबुवांना फार बरं वाटलं.

मला हे दृश्य फार बोलकं वाटतं. तीनच वर्षांपूर्वी या माणसाने शंकराचं देऊळ उभं केलंय. आत जायचं नाही, धर्म सोडायचा नाही, पण साहेबाच्या मोठ्या दिवशी हजर राहायचं आणि सगळ्यांना दिसेल असं राहायचं. आजच्या भाषेत कंपनीच्या इव्हेंटला पहिल्या रांगेत दिसणं. त्यात लाचारी होती असं मी म्हणणार नाही, तो धंद्याचा भाग होता.

त्या नाताळात त्याला कोणी सांगितलं असतं की सव्वा वर्षानंतर तू कोठडीत असशील, तर तो हसला असता.

समुद्रावर कोणाची सत्ता?

आता दुसऱ्या बाजूला बघू. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागला, कुलाबा किल्ल्यावर कान्होजी आंग्रे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. त्यांचं म्हणणं साधं होतं: या किनाऱ्यावरून जहाज न्यायचं तर आमचा दस्तक घ्या, म्हणजे परवाना. नसेल तर जहाज पकडणार. पोर्तुगीज स्वतः शेकडो वर्षं असेच परवाने विकत होते. पण कान्होजींनी तेच केलं की इंग्रज त्यांना 'चाचे' म्हणायचे.

१७१५ च्या शेवटी चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने ठरवलं, आंग्र्यांना मोडून काढायचं. तटबंदी पुरी केली, लढाऊ जहाजं बांधली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला. फसला. १७१८ च्या पावसाळ्यानंतर खांदेरीवर गेला. खांदेरी म्हणजे मुंबईच्या तोंडावरचं बेट, तिथं मराठ्यांचा किल्ला. तोही हल्ला फसला.

आता बूनच्या जागी स्वतःला ठेवा. कंपनीचा एवढा पैसा ओतला, हाती शून्य. लंडनला डायरेक्टर बसलेत, त्यांना उत्तर द्यायचंय. 'आंग्रे आमच्यापेक्षा चांगले लढले' हे लिहिणं कोणाला आवडेल? 'आतल्या माणसाने फितुरी केली' हे लिहायला कितीतरी सोपं.

ऑफिसमध्ये प्रोजेक्ट आपटलं की पहिली मीटिंग कशावर होते? चूक कुठं झाली यावर नाही, चूक कोणाची यावर.

१७२० चा खटला

आरोप असा होता की खांदेरीच्या मोहिमेआधी रामा कामतने कान्होजींना पत्र पाठवून इंग्रजांच्या तयारीची खबर दिली. पुरावा म्हणून पत्र हजर करण्यात आलं. त्यावर कामतचा शिक्का होता.

कामतचा गोविंदजी नावाचा कारकून होता. त्याने आधी काही कबूल केलं नाही. मग त्याच्या अंगठ्यांना लोखंडी पेच लावून आवळले. वेदना असह्य झाल्या तेव्हा तो बोलला. हे काही कोणी नंतर मीठमसाला लावून रचलेलं नाही, खुद्द कंपनीच्या कागदांतच नोंदलेलं आहे. लिहिणाऱ्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलेलं नाही.

बाकीचा पुरावा बराचसा ऐकीव. अमक्याने तमक्याकडून ऐकलं की आंग्र्यांच्या माणसाने असं असं म्हटलं. बस्स.

निकाल: दोषी. जन्मठेप, आणि मालमत्ता जप्त. कामत परत उभा राहिलाच नाही, कैदेतच त्याचा शेवट झाला. पुढे ते पत्र आणि शिक्का बनावट असल्याचं उघड झालं, आणि आज मुंबईचा इतिहास लिहिणारे या खटल्याकडे न्यायाच्या नावावर झालेला अन्याय म्हणूनच बघतात. पण तोवर शेठ गेला होता आणि त्याची इस्टेट पण गेली होती.

शिक्का म्हणजे नेमकं काय?

इथं माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, दोन मिनिटं सहन करा.

त्या काळी मोठा शेठ स्वतःच्या हाताने पत्र लिहायचा नाही. कारकून, गुमास्ते लिहायचे. म्हणजे अक्षर कोणाचं हा पुरावाच होऊ शकत नाही. पत्र शेठचंच आहे याची खूण एकच: शिक्का. आणि शिक्का म्हणजे धातूवर कोरलेली आकृती. त्याचा ठसा बाजारातल्या शेकडो पत्रांवर पडलेला. ज्याच्याकडे असं एक पत्र आहे आणि ओळखीचा एक चांगला सोनार आहे, त्याच्याकडे शिक्का आहे.

आज तुम्ही डिजिटल सही करता तेव्हा गोष्ट वेगळी असते. तुमची गुप्त किल्ली तुम्ही कोणाला देत नाही. सही बघून ती किल्ली बनवता येत नाही. आणि मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. १७२० च्या शिक्क्यात यातलं काहीच नाही. तो एवढंच सांगतो की असा दिसणारा एक ठसा या कागदावर पडलाय. कोणी उमटवला? कधी? शेठला माहीत होतं का? शिक्का गप्प.

बरं, शिक्का कच्चा पुरावा आहे हे त्या काळच्या लोकांना कळत नव्हतं का? कळत होतं. व्यापारी मूर्ख नव्हते. हुंडी आली तरी ते आडत्याकडून वेगळ्या पत्राने खात्री करून घ्यायचे. आपल्या ओटीपीसारखंच, दुसऱ्या वाटेने तपासणी. मग या खटल्यात दुसरी वाट कुठली होती? गोविंदजीची जबानी. आणि ती अंगठे आवळून काढलेली! पाहिजे ते उत्तर येईपर्यंत क्वेरी बदलत राहायची आणि मग म्हणायचं, बघा, डेटा हेच सांगतोय.

पण मला विचाराल तर खरा बिघाड शिक्क्यात नव्हता, सिस्टिममध्ये होता. मोहीम कोणाची फसली? कंपनीची. तक्रार कोणाची? कंपनीची. न्यायाधीश कोण? कंपनीचेच नोकर. आणि जप्त झालेली इस्टेट कोणाला मिळणार? कंपनीलाच. या चारपैकी एक जरी गोष्ट वेगळ्या हातात असती तर त्या पत्राकडे कोणीतरी नीट डोळे उघडून बघितलं असतं.

मग तो निर्दोष होता का?

मला एक मोह टाळायचाय. सोशल मीडियावर अशा गोष्टी दोनच प्रकारे फिरतात. एक तर 'इंग्रजांचा दलाल होता, चांगली खोड मोडली'. नाहीतर 'स्वराज्याचा गुप्त सैनिक होता, आंग्र्यांना मदत करत होता'. दोन्हीला आधार नाही.

त्याने इंग्रजांच्या जोरावर पैसा केला हे खरं. तो काही क्रांतिकारक नव्हता. पण जरा धंद्याच्या बाजूने बघा. मुंबईच्या व्यापाऱ्याचा माल कोकण किनाऱ्यावरून जायचा, त्या किनाऱ्यावर सत्ता आंग्र्यांची. तिकडं ओळखी नसतील तर शेठ कसला? जहाज पकडलं तर सोडवून कोण आणणार? तिकडची खबर साहेबाला कोण देणार? दोन्ही बाजूंना त्याची माणसं होती म्हणून तर कंपनीला तो हवा होता.

आणि गंमत अशी की खटल्यात हीच गोष्ट त्याच्यावर उलटली. 'याची आंग्र्यांकडे ओळख आहे.' अरे, त्यासाठीच तर ठेवला होता! जोवर सगळं सुरळीत चाललं होतं तोवर ते त्याचं कौशल्य होतं. हल्ला फसला आणि तोच गुन्हा झाला. माणूस बदलला नव्हता, साहेबाची गरज बदलली होती.

हे फक्त मुंबईत झालं असंही नाही. १७५७ ला, प्लासीच्या आधी, कलकत्त्याचा मोठा व्यापारी अमीरचंद कंपनीच्या कटात सामील होता. त्याने जास्त वाटा मागितला, तर क्लाइव्हने दोन करार बनवले. पांढऱ्या कागदावर खरा, लाल कागदावर खोटा. खोट्यावर अ‍ॅडमिरल वॉटसन सही करेना, तर त्याची सही दुसऱ्याकडून मारून घेतली. अमीरचंदाला काहीच मिळालं नाही. पुढे ब्रिटिश संसदेच्या चौकशीत क्लाइव्हने हे लपवलं सुद्धा नाही. आणि याच कलकत्त्यात १७७५ ला महाराजा नंदकुमारांना फाशी झाली. गुन्हा काय? बनावट दस्तऐवज. नंदकुमारांनी त्याच वर्षी वॉरन हेस्टिंग्जवर लाच घेतल्याचा आरोप केला होता, हे जाता जाता सांगतो.

पुढच्या पिढ्यांनी काय वेगळं केलं?

शंभरेक वर्षांनी मुंबईत आणखी एक श्रीमंत मराठी घर दिसतं. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना. जन्म १८०३. वडिलांनी व्यापारात भरपूर कमावलेलं, इंग्रजांशी ऊठबस होतीच. पण नानांनी पैसा आणि ओळख कुठं लावली ते बघा. शाळा-कॉलेजं. मुलींच्या शाळा. रेल्वेसाठी खटपट, ज्यातून १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्याच कंपनीचे रूळ पुढे आपल्या सोलापुरात आले. आणि १८५२ ला बॉम्बे असोसिएशन, म्हणजे सरकारपुढे गाऱ्हाणं एकेकट्याने नाही तर मिळून, लेखी आणि जाहीरपणे मांडायची जागा.

रामा कामतकडे साहेबाचा विश्वास होता. विश्वास एका माणसाचा असतो, गव्हर्नर बदलला किंवा त्याचा मूड बदलला की संपतो. नानांच्या पिढीने त्याच्या शेजारी संस्था उभ्या केल्या. अर्थात, तेव्हाही राज्य इंग्रजांचंच होतं आणि कायदा त्यांच्याच सोयीने वाकायचा. १९३१ ला ज्याच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली ते शहर आहे हे, इथं मी इंग्रजी न्यायाचं कौतुक करत नाही. पण एकट्या शेठला रातोरात गडप करणं आता तेवढं सोपं राहिलं नव्हतं. बोलणारे लोक होते, छापणारी वर्तमानपत्रं होती.

आपल्याला काय त्याचं?

तुमच्यापैकी किती जणांची कमाई आज एखाद्या अ‍ॅपवर उभी आहे? कोणी चादरी-टॉवेल ऑनलाइन विकतं, कोणी डिलिव्हरी करतं, कोणी रील बनवतं. एक दिवस मेसेज येतो: तुमचा आयडी ब्लॉक झाला आहे. का? नियमभंग. कुठला? ते सांगत नाहीत. अपील कोणाकडे? त्यांच्याकडेच.

मी याची जन्मठेपेशी बरोबरी करत नाहीये. आपल्यामागे आज कोर्टं आहेत, ग्राहक आयोग आहेत, संविधान आहे. पण प्रश्नाची ठेवण तीच आहे. तुमचा सगळा धंदा ज्याच्या भरवशावर आहे, तोच उद्या फिर्यादी आणि तोच न्यायाधीश असेल तर तुमच्या हातात काय उरतं? निदान ऑर्डर, पेमेंट, चॅट याचा हिशेब स्वतःकडे उतरवून ठेवा. ग्राहकांचे नंबर स्वतःच्या वहीत असू द्या. एकच दुकान, एकच अ‍ॅप, एकच साहेब असं ठेवू नका. आणि आपल्यासारखंच काम करणाऱ्या दहा जणांना ओळखून ठेवा, कारण एकट्याचं अपील कोणी वाचत नाही.

मुंबईला गेलात तर चर्चगेटवरून सेंट थॉमसला चालत जा, मग बाणगंगेला जा. एका ठिकाणी रामा कामत दाराबाहेर उभा होता, दुसऱ्या ठिकाणी त्याने बांधलेलं देऊळ आजही लोकांनी गजबजलेलं असतं. कंपनीने त्याचं बाकी सगळं नेलं, पण देवाला दिलेलं तेवढं काही जप्त झालं नाही.

पुढच्या भागात नाना शंकरशेट सविस्तर. तुमच्या गावात असा एखादा जुना शेठ, सावकार, मक्तेदार होऊन गेला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आजी-आजोबांना विचारून पाठवलीत तर फारच छान. भाग आवडला तर एका मित्राला तरी फॉरवर्ड करा. चला, भेटू. काळजी घ्या, आणि आपला ओटीपी कोणाला सांगू नका!